खालून पहिली

बिरादार सरांसमोर कशालाही 'चांगलं' म्हणायची सोय नव्हती. उपमा चांगला झालाय म्हटलं की सर चमचा हवेतच थांबवून विचारायचे, "कशाच्या मानानं?" कालच्या उपम्याच्या, समोरच्या टपरीवरच्या उपम्याच्या, की उपमा मिळालाच नसता तर जे खाल्लं असतं त्याच्या? विचारणारा अगदी गंभीर असायचा, त्यामुळे हसायचीही पंचाईत. एकदा आमच्या अकाउंटंटच्या भाच्याचं लग्न जुळत आलं होतं. मुलीचे वडील सरांच्या गावाकडचे निघाले. त्यांनी विश्वासानं सरांना फोन केला, "मुलगा चांगला आहे ना हो?" सर सवयीनं म्हणाले, "कशाच्या मानानं?" पलीकडून फोन बंद झाला आणि लग्नही मोडलं. अकाउंटंट डोक्याला हात लावून बसला, तर सर त्याची समजूत घालायला गेले. म्हणाले, "अहो, त्यांच्या नजरेत दुसरा मुलगा असणारच. त्याशिवाय माणूस इतक्या पटकन फोन ठेवत नाही." त्यानंतर अकाउंटंट सरांशी बोलेनासा झाला, आणि सरांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

हैदराबादेतल्या आमच्या संशोधन संस्थेत सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक. सरांचं घराणं देगलूरकडचं, शेतकऱ्याचं. आजोबा जुन्या हैदराबाद संस्थानात गाव सोडून शहरात आले ते इथलेच झाले. सर जामबागेत शिकले, नल्लकुंट्यात राहिले, आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य दखनीत वळवून तेलुगूत संपवण्यात त्यांना काही विशेष वाटायचं नाही. अर्थशास्त्राचा माणूस म्हटलं की लोक त्यांना सोन्याचा भाव विचारायचे. सर सांगायचे, "सोनं नक्को. मी मास्तरांचा भाव काढतो."

खरंच तेच त्यांचं काम होतं. कोणता मास्तर किती शिकवतो हे मोजायचं. त्यांची रीत सोपी होती. जूनमध्ये मुलांची परीक्षा घ्यायची, एप्रिलमध्ये पुन्हा घ्यायची. मूल घरून जे घेऊन आलं ते वजा करायचं, उरेल ते मास्तरचं. त्या उरलेल्याला सर 'मास्तरचा वाटा' म्हणायचे. मास्तर गोड बोलतो का, छडी वापरतो का, वेळेवर येतो का, यातलं काही त्यांना ऐकायचं नसे. वाटा किती, बोला.

ही शिस्त त्यांनी घरापर्यंत नेली होती. नल्लकुंट्याच्या बाजारातल्या दोन भाजीवाल्यांपैकी चांगला कोण हे ठरवायचं म्हणून सर रोज नाणं उडवायचे. छापा आला तर यादगिरी, काटा आला तर मस्तानबी. मनाचा कल मध्ये यायला नको म्हणून हा खटाटोप. आठवड्याभरात दोघांनाही हे कळलं. सर कोपऱ्यावर दिसले की मस्तानबी ओरडायची, "साब, आज मेरा नंबर है क्या?" आणि नंबर तिचा असेल तर टोपलीच्या तळातले लालबुंद टोमॅटो वर यायचे. यादगिरीही काही मागे नव्हता. सर वर्षभर सगळ्यात ताजी भाजी खात राहिले आणि दोघंही सारखेच उत्तम आहेत असा निष्कर्ष काढून मोकळे झाले. बाकीच्या नल्लकुंट्यानं त्या वर्षी काय खाल्लं हे त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर होतं.

सरांच्या पत्नी सुमनबाई. नल्लकुंट्याच्याच एका मागच्या गल्लीत लहानशी मराठी शाळा होती, तिथे त्या लग्नाआधीपासून शिकवायच्या. लातूर-नांदेडकडून नोकरीधंद्याला आलेल्या घरांतली मुलं तिथे यायची. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाची आई दवाखान्यात आया. पहिली ते पाचवी, सगळं मिळून तीन खोल्या आणि एक चिंचेचं झाड. बाईंना सरांच्या 'वाट्या'चं फारसं कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "यांना भाकरी दिली तरी आधी पिठाचं वजन वजा करतील."

मी संस्थेत लागले त्याच सुमाराला राज्याचे दोन भाग झाले. हैदराबाद इकडच्या राज्यात राहिलं, पण आमची संस्था पडली जुन्या एकत्र राज्याची, म्हणजे तिची वाटणी आली. लोकसंख्येच्या प्रमाणात सगळं वाटायचं असं ठरलं. खुर्च्यांना चिठ्ठ्या लागल्या, पंख्यांना लागल्या. पाणी थंड करायचं यंत्र इकडे आलं आणि त्याचा स्टॅबिलायझर तिकडे गेला. एका शिपायाला तिकडचं राज्य मिळालं, त्याच्या स्टुलाला इकडचं. वाटणी समितीचे अध्यक्ष फार काटेकोर गृहस्थ होते. सरांना ते मनापासून आवडायचे.

नवं राज्य म्हटल्यावर नवे साहेब आले, आणि त्या सगळ्यांना संशोधनाची आवड निघाली. पहिले आले पोलीस खात्यातले एक बडे अधिकारी. त्यांना जाणून घ्यायचं होतं की चोऱ्या कुठे जास्त होतात आणि का. सरांनी दोन महिने खपून नकाशा केला. त्यात दिसलं की जिथे पोलीस चौकी जवळ, तिथे चोऱ्या जास्त. सरांनी सभेत परोपरीनं समजावलं, "साब, चौकी जवळ असली की लोक तक्रार लिहवायला जातात. लांब असली की म्हणतात, जाऊ द्या, भांडंच गेलं ना. तिथे चोरी होते, पण कागदावर येत नाही." साहेबांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात त्यांनी सगळ्यात जास्त चोऱ्यांच्या वस्तीतली चौकी हलवली. तिथल्या चोऱ्या लगेच कमी झाल्या. साहेबांचा सत्कार झाला आणि त्यात सरांनाही एक शाल मिळाली.

शाल घेऊन परतताना सर रिक्षात धुसफुसत होते. "सुनीता, मोजण्याची जागाच हलवली की मोजमाप फसतं. एवढी साधी गोष्ट या माणसाला दिसू नये?" मी म्हटलं, नाही दिसत सर, काही जणांना.

मग आले शिक्षण खात्यातले साहेब. खर्च आटोपशीर करायचा, तर कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांत विलीन करायच्या. पण नुसत्या पटावरून शाळा बंद केली तर आरडाओरड होते. म्हणून त्यांना शास्त्रीय आधार हवा होता. पट कमी आणि मास्तरचा वाटाही कमी, अशा शाळा दाखवा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर ज्या रीतीची सहकाऱ्यांनी चेष्टा केली ती आता सरकार वापरणार होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या संस्थेला खुबानी का मीठा वाटला. कधी नव्हे ते "कसा आहे?" म्हणून विचारलंसुद्धा. कॅन्टीनवाला म्हणाला, "किसके हिसाब से, सर?" सर मनापासून हसले.

आकडे काढायचं काम माझ्याकडे होतं. जुळवाजुळव झाली, शाळा क्रमानं लागल्या, आणि सगळ्यात तळाशी सुमनबाईंची शाळा आली. मी सगळं पुन्हा तपासलं. मग सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"बरोबर आहे ना बेरीज?"

"हौ सर."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि जेवायची वेळ झालेली नसताना डबा घेऊन खाली गेले.

ते घरी कसं सांगतील याची मला धास्ती वाटत होती. पण सरांनी सांगायला मलाच बरोबर नेलं. रविवार होता. बाई पोळ्या लाटत होत्या.

"तुमच्या शाळेचा निकाल आला," सर म्हणाले.

"कितवी आली?"

"खालून पहिली."

बाईंचं लाटणं थांबलं. "माझी शाळा? अहो, माझी मुलं धडाधड वाचतात."

"कशाच्या मा..." सरांनी वाक्य अर्ध्यात गिळलं. तेवढी अक्कल त्यांना होती.

तेवढ्यात दारात एक जोडपं आलं, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. हातात पेढ्यांचा पुडा. बाप कुकटपल्लीच्या एका कारखान्यात कामाला होता. बाईंच्या पाया पडून म्हणाला, "बाई, पोरगं आता खडखड वाचतंय, हिशोब करतंय. इंग्लिश मीडियमवाल्यांनी परीक्षा घेतली, पास झालं. दसऱ्यानंतर तिकडंच टाकतो. तुमच्यामुळं झालं, बाई." बाईंनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. पुडा फिरला. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि चावता चावता एकदम थांबले.

"हा एप्रिलमध्ये शाळेत नसणार," ते म्हणाले.

"नाही की. तो तिकडं असणार," बाप म्हणाला.

"आणि असे दरवर्षी जातात?"

बाई म्हणाल्या, "वाचायला लागलेला कोण राहतो इथे? हुशार झाला की नेतात. वाचता न येणारी तेवढी राहतात माझ्याकडे. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा."

सर उभेच राहिले. या शाळेचा तो रिवाजच होता: मूल तयार झालं की आईबाप पेढे घेऊन बाईंच्या घरी यायचे आणि त्याला काढून न्यायचे. म्हणजे जूनच्या परीक्षेला सगळी मुलं बसत आणि एप्रिलच्या परीक्षेला फक्त न शिकलेली. बाई जितकं जास्त शिकवतील तितका त्यांचा वाटा कमी निघणार. गळती म्हणतात याला. सरांनी त्यावर व्याख्यानं दिली होती. आणि लग्नापासून दर दसऱ्या-दिवाळीला ती गळती पुड्यातून त्यांच्या घरात येत होती, आणि सर पेढा चांगला की बेताचा एवढंच ठरवत होते.

पुढचे सगळे रविवार आम्ही ती गेलेली मुलं शोधत फिरलो. सरांनी खांद्याला पिशवी लावली, तिच्यात तीच एप्रिलची प्रश्नपत्रिका. बरीच घरं आता कुकटपल्लीकडे राहायला गेली होती; तिथल्या उंच इमारतींत वॉचमन आम्हाला खालीच अडवायचे. एकानं सरांना कर्जवसुलीचा माणूस समजून बाहेर काढलं, दुसऱ्यानं विचारलं, "कौनसी पार्टी के?" सरांनी सांगितलं, "एक बच्चे का इम्तिहान लेना है." वॉचमननं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "संडे को? क्या बिगाड़ा उसने आपका?"

एका घरी बाप म्हणाला, "सर, आता तो इंग्लिशमधी हाय, मराठीत कशाला परीक्षा?" पण मुलगी आतून धावत आली. टाय लावलेली, हातात कसलंसं बक्षीस. सरांच्या हातातला कागद घेऊन तिनं उतारा वाचून दाखवला, एका दमात, आणि गणितं तर मी पाणी पिईपर्यंत संपवली. मग विचारलं, "बाई का नाही आल्या?" बाप कौतुकानं म्हणाला, "बाईंनीच तयार केली हो हिला. म्हणून तर काढली."

गेलेली मुलं हिशोबात धरली तेव्हा बाईंची शाळा तळातून उठून वरच्या रांगेत जाऊन बसली. मला इतका आनंद झाला की मी सरांच्या टेबलावर थाप मारली. सर मात्र आक्रसून बसले होते.

"हे कोष्टकात घालता येणार नाही."

"का?"

"बाकीच्या शाळांची गेलेली मुलं कुणी शोधली? माझी बायको शिकवते म्हणून एकाच शाळेची मुलं शोधायची? याला संशोधन नाही म्हणत, सुनीता. याला सोयरिक म्हणतात."

त्यांनी साहेबांना भेटून सांगितलं, सगळ्याच शाळांची गेलेली मुलं शोधू, थोडा वेळ द्या. साहेब म्हणाले, राज्य नवीन आहे, वेळ कुठून आणायचा? बाईंनी एकदा, एकदाच, माझ्यादेखत त्यांना म्हटलं, "अहो, खरं तेच लिहायचंय ना? मग लिहा की एक ओळ वर. माझी शाळा जाईल." सर म्हणाले, "अहवालाच्या दुसऱ्या खंडात सगळं लिहितो. सविस्तर लिहितो." बाई आत निघून गेल्या. पुढे कितीतरी दिवस सरांच्या डब्यात ठेचा नव्हता, नुसती भाकरी आणि दही. सर ते मुकाट्यानं खायचे. मला त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. आणि त्यांचं चूक काय होतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.

सरांनी शब्द पाळला. पहिल्या खंडात कोष्टकं घातली. दुसऱ्या खंडात लिहिलं, की पहिल्या खंडातल्या कोष्टकांवरून कोणतीही शाळा बंद करू नये, आणि का करू नये. त्यात बाईंच्या शाळेचं उदाहरण दिलं, ती आपल्या पत्नीची शाळा आहे हेही कबूल केलं. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात उत्तम प्रकरण होतं. कशाच्याही मानानं.

अहवाल छापून आला आणि वाटणी समितीपुढे गेला, कारण तो संस्थेच्या, म्हणजे जुन्या एकत्र राज्याच्या पैशातून झाला होता. समितीचे काटेकोर अध्यक्ष म्हणाले, खंड दोन, राज्यं दोन, यात अवघड काय आहे? पहिला खंड इकडे आला. दुसरा तिकडे गेला.

सरांनी धावतपळत दुसऱ्या खंडाची प्रत काढून इकडच्या खात्यात स्वतः नेऊन दिली. ती परत आली. सदर खंड दुसऱ्या राज्याच्या वाट्याला गेलेला असल्यामुळे त्यांच्या संमतीशिवाय त्यातला मजकूर विचारात घेता येत नाही, असं कळवण्यात आलं. सर संमती आणायला रेल्वेनं तिकडे गेले. तिकडचे अधिकारी फार अदबीनं वागले, जेवू घातलं. म्हणाले, "सर, आपण कोष्टकांपासून सावध राहायला सांगितलंय, पण आमच्याकडे कोष्टकंच नाहीत. ती मिळाली की लगेच सावध राहतो." संमतीचा अर्ज ठेवून घेतला.

अर्ज तिकडे राहिला आणि विलीनीकरणाचा हुकूम इकडे निघाला. खालून पहिली शाळा सगळ्यात आधी.

शेवटच्या दिवशी बाईंनी कुणाला निमंत्रण दिलं नव्हतं. पण बातमी कुकटपल्लीपर्यंत गेली होती. सकाळपासून मुलं यायला लागली. वेगवेगळ्या शाळांचे गणवेश, टाय, बूट. काही तर कॉलेजात जाणारी, मिशा फुटलेली. आईबाप बरोबर, हातात पेढे. तीन खोल्यांत माणूस मावेना, चिंचेखाली उभं राहायला जागा नव्हती, लोक गल्लीत पसरले. बाई सगळ्यांना नावानं हाक मारत होत्या आणि मध्येच पदरानं डोळे पुसत होत्या. सर भिंतीला टेकून एका बाजूला उभे होते. त्यांच्याशी कुणाला फारसं काही बोलायचं नव्हतं.

किल्ल्या ताब्यात घ्यायला खात्याचे अधिकारी आले. नवेच बदलून आलेले होते, हुकूम त्यांनी काढलेला नव्हता. गर्दीतून वाट काढत कसेबसे आत आले, चहूकडे पाहिलं आणि खरोखर चकित होऊन म्हणाले, "इतने बच्चे हैं! फिर ये स्कूल काइकू बंद कर रहे?"

मी सरांकडे पाहिलं. बाई पुढे झाल्या. त्यांना हिंदी बरी येत होती, पण त्या मराठीतच बोलल्या.

"मुलं शिकली म्हणून, साहेब."

अधिकाऱ्यांना कळलं नाही. त्यांनी कुणीतरी सांगेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सर भिंत सोडून आले आणि बाईंच्या शेजारी उभे राहिले.

"बच्चे सीख गए साब, इसलिए."

अधिकारी मोठ्यानं हसले. मास्तरांच्या घरचा विनोद समजून त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला. बाईंनी किल्ल्या दिल्या. सर हसले नाहीत. साहेबांचं हसू ओसरेपर्यंत ते थांबले, आणि तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात, त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.